नेट गेलंय म्हणजे नक्की काय गेलंय?

'नेट गेलंय' हे वाक्य आपण 'लाइट गेलीय' या वाक्याच्या चालीवर म्हणतो. लाइट गेली म्हणजे कुठेतरी लांब, आपल्या हाताबाहेर काहीतरी तुटलं, आता वायरमन येईपर्यंत बसा. नेटचंही तसंच. राउटर बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, चालू करायचा. आलं तर आलं. नाही आलं तर कस्टमर केअरला फोन, आणि तिथला माणूस शांतपणे सांगतो : सर, एकदा राउटर बंद करून चालू करा.

यात सामान्य माणसाची चूक आहे असं मला वाटत नाही. ही सवय आपल्याला शिकवली गेलीय. आणि राग याचा येतो, की ती सगळ्यात नीट शिकलेत माझ्यासारखे इंजिनिअर.

मी दिंडोरीचा. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअर लिहितो, महिन्यातले निम्मे दिवस घरून. त्या चार वर्षांत ओएसआय मॉडेलचे सात थर मी परीक्षेत इतक्या वेळा लिहिले की झोपेतून उठवून विचारलं तरी खालून वर आणि वरून खाली म्हणून दाखवीन. पण एखाद्या चालू मशीनचा रूटिंग टेबल, म्हणजे वाटांचा तक्ता, आम्हाला कुणी उघडून दाखवला नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'आयएफकॉन्फिग' या कमांडचं आउटपुट होतं. ते आम्ही सीनियरच्या जर्नलमधून उतरवलं, त्यांनी त्यांच्या सीनियरच्या. त्या आउटपुटमधला आयपी पत्ता ज्या मशीनचा होता ते मशीन बहुधा केव्हाच भंगारात गेलं असेल, पत्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या जर्नलमध्ये जिवंत आहे.

आणि कमांड तरी कुठली? आयएफकॉन्फिग १९८३च्या ४.२ बीएसडीमधून आलेली. लिनक्सच्या नेटवर्किंगचा गाभा १९९९मध्ये आलेल्या २.२ कर्नलपर्यंत बराच बदलला होता, आणि त्या नव्या गाभ्याशी बोलायला अलेक्सी कुझनेत्सोव्ह या रशियन प्रोग्रामरने 'आयपीरूट२' हा संच लिहिला. त्यातली मुख्य कमांड एवढीच : 'आयपी'. रेड हॅटने २०१४च्या सातव्या आवृत्तीत आणि डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीत जुना संच आपोआप बसवणं बंद केलं. म्हणजे आज नव्या सर्व्हरवर आयएफकॉन्फिग टाइप केलं तर 'कमांड नॉट फाउंड' असं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. बरं, ती असली तरी पूर्ण खरं सांगत नाही. एका इंटरफेसवर नव्या पद्धतीने दुसरा पत्ता लावला तर आयएफकॉन्फिग तो दाखवतच नाही. मशीनला दोन पत्ते, हजेरीपटावर एक. आणि व्हायवात प्रश्न काय, तर आयएफकॉन्फिगचा फुल फॉर्म सांगा.

तक्ता म्हणजे काय, ते आधी सांगतो. फार अवघड नाही, आणि हाच माझा मुद्दा आहे.

दिंडोरीच्या एसटी स्टँडवर जा आणि कंट्रोलरला विचारा, वणीला जायचंय. तो समोरची गाडी दाखवेल. विचारा, अकोल्याला जायचंय. तो म्हणेल, नाशिकला जा, तिथून मिळेल. अकोल्याचा रस्ता त्याला माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. जवळची चार गावं त्याला थेट ठाऊक आहेत, बाकी सगळ्या जगासाठी एकच उत्तर : नाशिक. नाशिकचा कंट्रोलर पुढचं बघेल. तुमच्या लॅपटॉपमध्ये, सर्व्हरमध्ये, घरच्या राउटरमध्ये असाच एक कंट्रोलर बसलेला असतो आणि त्याच्यासमोर असाच एक कागद असतो. तो वाचायची कमांड म्हणजे 'आयपी रूट'. (टाइप रोमन अक्षरांतच करायची, इथे वाचायचंय म्हणून देवनागरीत लिहितोय.) साध्या घरच्या मशीनवर दोन-तीनच ओळी येतात. एक ओळ सांगते, १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते इथलेच आहेत, थेट द्या. दुसरी ओळ सुरू होते 'डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१' अशी. म्हणजे बाकी सगळ्यांसाठी नाशिक.

याआधी दोन गोष्टी बघायच्या. 'आयपी लिंक' सांगते की मशीनला दारं किती आणि त्यातली उघडी कुठली : वायरचं एक, वाय-फायचं एक, सिमचं असेल तर एक. 'आयपी ॲड्रेस' सांगते की कुठल्या दारावर कुठली पाटी आहे. दार, पाटी, वाट. 'नेट गेलंय' असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यातलंच काहीतरी एक गेलेलं असतं (चौथा संशयित डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी, पण तो या लेखाचा विषय नाही). तिन्हींसाठी उपाय वेगवेगळे आहेत. राउटर बंद-चालू करणं हा तिन्हींवर एकच उपाय करण्याचा प्रकार आहे, डोकं दुखो की पाय, गोळी तीच.

तक्त्याचा एक नियम मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. एकाच पत्त्याला दोन ओळी लागू होत असतील तर जी ओळ जास्त नेमकी, ती जिंकते. 'कळवण रोडच्या सगळ्या गाड्या तीन नंबर फलाटावर' असं लिहिलंय आणि खाली 'वणीची गाडी पाच नंबरवर' असंही लिहिलंय, तर वणीवाला पाचवर जाणार. हा नियम साधा आहे, आणि त्याच नियमाने २४ फेब्रुवारी २००८ला जगभरातलं यूट्यूब दोनेक तास गायब झालं होतं. पाकिस्तान सरकारला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. तिथल्या टेलिकॉम कंपनीने आपल्या राउटरना सांगितलं की २०८.६५.१५३.०/२४ हे पत्ते आमच्याकडे आहेत, म्हणजे तिकडे जाणारं सगळं इथेच गिळून टाका. ही घोषणा हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीमार्फत बाहेरच्या जगात गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ होती, म्हणजे मोठ्या गटाची. लहान गट जास्त नेमका. जगातल्या राउटरनी नियम पाळला आणि यूट्यूबचे प्रेक्षक पाकिस्तानात पाठवून दिले. कुणी काही हॅक केलं नव्हतं. तक्त्यात एक ओळ जास्तीची आली होती.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचे खेळ. तर माझ्या टीममधलं लहान उदाहरण घ्या. एका सहकाऱ्याला कंपनीचा अंतर्गत सर्व्हर उघडेना. व्हीपीएन चालू, बाकी सगळं चालू, फक्त तेवढाच सर्व्हर नाही. त्याने दोन दिवस घालवले आणि शेवटी आख्खं उबुंटू नव्याने टाकलं. सर्व्हर उघडला. संध्याकाळी त्याने डॉकर परत बसवलं, सर्व्हर पुन्हा गायब. ज्याला तो तक्ता वाचता येतो त्याच्यासाठी हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सर्व्हरचा पत्ता १७२.१७ने सुरू होणारा होता. डॉकर बसवलं की तो आपल्या खासगी जाळ्यासाठी मुळातच १७२.१७.०.०/१६ हा गट घेतो. व्हीपीएनची ओळ १७२.१६.०.०/१२ अशी, म्हणजे मोठ्या गटाची. नेमकी ओळ डॉकरची. मग कंपनीच्या सर्व्हरसाठी निघालेलं प्रत्येक पॅकेट लॅपटॉपच्या आतल्या आतच फिरून मरत होतं. 'आयपी रूट गेट' आणि पुढे तो पत्ता, इतकं विचारलं असतं तर कर्नलने एका ओळीत सांगितलं असतं : या पत्त्यासाठी मी डॉकरच्या दाराने चाललोय. ही माझी सगळ्यात आवडती कमांड. ती अंदाज करत नाही. कर्नल आत्ता, या क्षणी काय निर्णय घेईल ते सांगते. हा सहकारी चांगला प्रोग्रामर आहे, माझ्याहून चांगला. त्यालाही सात थर पाठ आहेत.

आता तालुक्यात येतो, कारण इथे हे सगळं पगाराच्या आणि डेडलाइनच्या पलीकडे जातं.

दिंडोरी म्हणजे द्राक्ष. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस इथे सगळ्यात धास्तीचे. नव्या फुटीवर पाऊस आला, पान रात्रभर ओलं राहिलं, की डाउनी. फवारणी कधी घ्यायची हे पूर्वी अंगठ्याने पान चाचपून ठरायचं, आता बऱ्याच बागांत छोटी हवामान केंद्रं बसलीत. पान किती तास ओलं राहिलं, तापमान किती, आर्द्रता किती, हे मोजून सेन्सर एका डब्याकडे पाठवतो आणि डबा ते नेटवर चढवतो. त्या डब्यात लिनक्स असतं. हे विकत घेणाऱ्याला माहीत नसतं, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतं.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या काकांचा डबा चार दिवस गप्प होता. ॲपवर शेवटचा आकडा चार दिवसांपूर्वीचा, बाहेर ढग. डीलरने फोनवर निदान केलं, मॉडेल जुनं झालंय, दोन सिमवालं नवीन घ्या, अठरा हजार. काका मला म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरचाच इंजिनिअर ना? मग बघ की जरा." मी म्हटलं, "बघतो काका, पण आधी डब्याचा पासवर्ड लागेल." डीलर पासवर्ड देईना. म्हणे कंपनीची पॉलिसी आहे. काकांनी त्याला एवढंच विचारलं, "डब्याचे पैसे कुणी दिले?" मग मिळाला.

आत गेल्यावर 'आयपी रूट'. डिफॉल्टच्या दोन ओळी. एक वायरच्या दारातून, मळ्यातल्या घराच्या फायबरकडे, मेट्रिक १००. दुसरी आतल्या सिमच्या दारातून, मेट्रिक ७००. मेट्रिक म्हणजे पसंतीचा क्रम; आकडा लहान ती वाट आधी. म्हणजे डब्याला दोन वाटा आधीपासून होत्या. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली होती, पण डब्यापासून घरच्या राउटरपर्यंतची हातभर वायर शाबूत होती. कर्नल एवढंच बघतो की दार उघडं आहे ना. आहे. मग वाट चांगली आहे, असं समजून तो चार दिवस सगळा डेटा त्या राउटरकडे ढकलत राहिला आणि राउटर तो टाकून देत राहिला. सिम शेजारी रिकामं बसलेलं. दोन्ही दारांतून वेगवेगळा पिंग करून पाहिला : वायरमधून उत्तर नाही, सिममधून लगेच. मग 'आयपी रूट डेल डिफॉल्ट डेव्ह ईटीएच०'. फक्त बाहेरची वाट काढली, घरातली राहू दिली, त्यामुळे मी स्वतः डब्याच्या बाहेर फेकला गेलो नाही. मिनिटभरात काकांच्या फोनवर आकडे यायला लागले, आधी साचलेले, मग ताजे. नंतर डब्यातल्या नेटवर्कमॅनेजरची बंद असलेली इंटरनेट-तपासणी चालू केली, म्हणजे पुढच्या वेळी वाट आतून मेली की तो स्वतःच तिचं मेट्रिक वाढवून तिला मागे टाकेल. ही सोय त्यात आधीपासून होती. कुणी चालू केली नव्हती.

माझी पाठ थोपटून घ्यायला हे सांगत नाहीये. यात हुशारीचं काहीच नव्हतं. मला चीड याची येते की अठरा हजार रुपये आणि एक हंगाम पणाला लागला होता, आणि तक्त्याच्या दोन ओळी वाचू शकणारा माणूस साखळीत कुठेच नव्हता. डीलर इंजिनिअर आहे. डीलरला माल देणाऱ्या कंपनीचा सपोर्टवाला इंजिनिअर आहे. दोघांनीही कुठल्यातरी व्हायवात सात थर सांगून मार्क घेतले असणार.

आणि हे दिंडोरीत व्हावं, याची जास्त लाज वाटते. कारण वाटांचा तक्ता आपल्या हातात घेण्याचं काम या तालुक्याच्या पाण्याने एकदा करून दाखवलंय. वाघाड धरण इथलंच, कोळवण नदीवरचं. कालव्याच्या शेपटाला ओझर, ते निफाड तालुक्यात. शेपटाकडे पाणी पोचायचंच नाही, ही जुनी रड. कागदावर पाणी सगळ्यांचं, प्रत्यक्षात वरच्यांचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेपटाच्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, आपल्या क्षेत्रात आपण वाटायचं, हिशेब आपण ठेवायचा. पुढे ही रीत वर सरकत सरकत सगळ्या कालव्यावर पसरली आणि आख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. राज्याने २००५मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या चर्चेत वाघाडचं नाव कायम असतं.

ते शेतकरी काही पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर झाले नाहीत. धरणाचं डिझाइन त्यांना काढता येत नव्हतं. त्यांना तीन गोष्टी कळल्या : कुठलं दार कुठल्या चारीचं, त्यातून पाणी किती येतंय, आणि पाळी कुणाची. आमच्या जिल्ह्यात बागलाणकडे मोसम नदीवर फड पद्धत तर त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आहे, आणि तिथे पाणी फिरवायला पाटकरी नावाचा माणूसच नेमलेला असतो. पाणी कुठल्या वाटेने जातंय हे ज्याला माहीत नाही त्याला रात्री दारं धरायला कुणी पाठवत नाही. आपण मात्र नेटवर्कची पदवी अशा लाखो मुलांना देतोय ज्यांनी एकही दार स्वतःच्या हाताने उघडलेलं किंवा बंद केलेलं नाही.

याला मिळणारी उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं : मला ॲप बनवायचीत, नेटवर्क हे वेगळ्या टीमचं काम. ठीक. पण तुमचं ॲप ज्या कंटेनरात चालतं त्याला कर्नल एक खोटं दार बनवून देतो, त्यावर पाटी लावतो, त्याच्यासाठी वाट लिहितो. वर सांगितलेलं डॉकरचं प्रकरण ॲपवाल्याचंच होतं, नेटवर्क टीमचं नव्हे. क्लाउडवर गेलात तर तिथेही स्क्रीनवर 'रूट टेबल' याच नावाचा तक्ता येतो, आणि नेमकी ओळ जिंकते हा नियम तिथेही तोच.

दुसरं उत्तर हल्लीचं : एआयला विचारायचं. विचारा की. मीही विचारतो. पण नेट गेलेलं असताना तो कुठे भेटणार? आणि भेटला, फोनच्या डेटावर, तरी तो पहिल्यांदा हेच म्हणतो की 'आयपी रूट'चं आउटपुट द्या. ते त्याला दिल्यावर त्याने दिलेली कमांड बरोबर आहे की तुम्हाला मशीनबाहेर फेकणारी आहे, हे ठरवायला तक्ता तुम्हालाच वाचता यायला हवा. बहुतेक लिनक्स मशीनवर 'मॅन आयपी-रूट' म्हटलं की आख्खी पुस्तिका उघडते, नेट नसतानाही. ती कोरडी आहे, मान्य. पण ती तिथेच असते.

तिसरं उत्तर मात्र मला खरंच गंभीर वाटतं : धोका. चुकीची कमांड आणि लांबच्या सर्व्हरशी संबंध तुटला, तर? ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आठवत असेल. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमाराला व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं एकदम बंद पडलं, ते साधारण सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने फेसबुकचं अंतर्गत जाळं तुटलं, त्यावरून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी आपल्याकडे येण्याच्या वाटांची घोषणाच मागे घेतली, आणि बाकी जगाच्या तक्त्यातून त्या ओळी पुसल्या गेल्या. त्या रात्री आपण काय केलं? फोन बंद करून चालू केला. तर धोका आहे, नाकारत नाही. पण 'आयपी' कमांडने केलेला बदल फक्त चालू मशीनच्या स्मृतीत असतो. मशीन रीस्टार्ट केलं की तो पुसला जातो, कॉन्फिगमध्ये जे लिहिलंय ते परत येतं. शिकायला याहून सुरक्षित जागा कुठली? कॉलेजच्या लॅबमधलं मशीन बिघडलं तर बिघडू द्या ना. तेवढ्यासाठीच तर लॅब असते. आमच्या लॅबमध्ये मुलांना ॲडमिनचे अधिकार नव्हते, कारण मशीन खराब झालं असतं.

उरला तुमच्या हातातला फोन, ज्यावर तुम्ही बहुतेक हे वाचताय. अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे, आणि तो काकांच्या डब्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं काम करतो. वाय-फायसाठी एक तक्ता, मोबाइल डेटासाठी दुसरा, व्हीपीएन लावला तर तिसरा, आणि कुठल्या ॲपचं पॅकेट कुठल्या तक्त्याने जाईल याचे वरून वेगळे नियम. वाय-फाय जोडलेलं असूनही 'नो इंटरनेट' असं लिहून येतं ना, ते फोनने बाहेर एक छोटी विनंती पाठवून, उत्तर न आल्यावर काढलेलं अनुमान असतं. काकांच्या डब्यात बंद होती ती हीच तपासणी. म्हणजे फोनला सगळं माहीत आहे. पण तुम्हाला बघू दिलं जात नाही. अँड्रॉइड ११पासून पुढच्यासाठी बनवलेल्या साध्या ॲपमधून 'आयपी' कमांड चालवली तर ती इंटरफेसची माहिती देत नाही. कारण रास्त आहे : मॅक पत्त्यावरून ॲपवाले तुमचा माग काढत होते. पण चोरांसाठी लावलेल्या कुलपात घरमालकही अडकला आणि याबद्दल कुणी ओरडलं नाही. ओरडणार कोण? आत काय आहे हे माहीत असलेलेच मोजके.

म्हणून फोनवर हे शिकता येणार नाही. एखादा जुना लॅपटॉप लागेल, त्यावर कुठलंही लिनक्स. माझा सल्ला असा, की वाचायच्या कमांडपासून सुरुवात करा, त्यांनी काही बिघडत नाही. घरचं वाय-फाय आणि फोनचं यूएसबी टेदरिंग दोन्ही एकदम जोडा आणि तक्ता बघा. डिफॉल्टच्या दोन ओळी दिसतील, मेट्रिक वेगवेगळे. कुठली जिंकतेय ते 'आयपी रूट गेट'ला विचारा. मग जिंकणारी काढून टाका आणि पुन्हा विचारा. दुसऱ्या खिडकीत 'आयपी मॉनिटर' चालू ठेवलंत तर प्रत्येक बदल होताना दिसतो. एका संध्याकाळचं काम आहे.

पण हे असं एकेकट्याने शिकायची वेळ यावी, हेच मला मान्य नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं भारतनेट झालं. गावोगाव केबल आली, कपाटं आली, त्यात दिवे लुकलुकतात. सातबारा ऑनलाइन, पीक पाहणी मोबाइलवर. आणि कपाटातला दिवा विझला की गावातला बीई झालेला मुलगाही बाकीच्यांसारखाच नंबर फिरवून रांगेत थांबतो. त्याला कपाटाला हात लावायचा अधिकार नसेल, पण निदान बिघाड घरात आहे, कपाटात आहे की तालुक्याला आहे, एवढं सांगता यायला नको? तक्रार करतानासुद्धा 'नेट गेलंय' आणि 'गेटवेपर्यंत पिंग जातोय, पुढे नाही' या दोन वाक्यांना समोरून मिळणारी वागणूक वेगळी असते, हा माझा अनुभव आहे.

मागणी फार मोठी नाही. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलासमोर एक चालू मशीन ठेवा, ज्याच्या तक्त्यात परीक्षकाने आधीच एक ओळ बिघडवून ठेवलीय. पंधरा मिनिटं द्या. नेट सुरू करून दाखवलं तर पास. नाही झालं, पण कुठे अडकलंय ते सांगितलं तरी पास. सात थर विचारायचेच असतील तर नंतर विचारा. डब्यांच्या बाबतीतही तसंच : शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा पासवर्ड बिलासोबत मिळाला पाहिजे, मोटारीच्या स्टार्टरची चावी मिळते तसा.

यंदा एका कॉलेजने मला 'इंडस्ट्रीतल्या संधी' या विषयावर दीड तास बोलायला बोलावलंय. मी कळवलं, बोलणार नाही, दोन जुनी मशीन, एक स्विच, तीन वायरी आणि ॲडमिनचा पासवर्ड द्या, वीस मुलं पाठवा. त्यांनी उलट विचारलं की प्रोजेक्टर चालेल का. आमची बोलणी अजून तिथेच अडकलीत.